बोरकुटेभाऊंची खोली

बोरकुटेभाऊ कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी उदबत्ती मागायचे. नवीन माणसाला वाटायचं, भाविक गृहस्थ आहेत. घरातली बाई लगबगीनं देवापुढची उदबत्ती आणून द्यायची, आणि भाऊ ती पेटवून देवाकडे पाठ करून उंबऱ्याशी उकिडवे बसायचे. धूर कुठे वळतो ते बघत. मग खिडकीशी, मग मोरीच्या भोकाशी, मग चुलीच्या वर हात उंच करून. सगळं घर असं धुरानं चाचपून झालं की कमरेवर हात ठेवून निकाल द्यायचे.

"तुमच्या घरात हवा येते, पन जात नाई. आलेल्या पाव्हन्याले जाले रस्ता नको का बापा?"

लोक हसायचे. मागून त्यांना 'हवावाले भाऊ' म्हणायचे. भाऊंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मी त्या गावात नर्स म्हणून बदलून गेले तेव्हा माझी भाड्याची खोली त्यांच्या घराला लागूनच होती. मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. वैनगंगेच्या काठचं गाव, मार्कंड्यापासून फार लांब नाही. धानाची शेती, एक मोठा तलाव, मासे धरणारी घरं आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मी ट्रंक उतरवत होते, तर हा उंच, पोट सुटलेला माणूस जळती उदबत्ती घेऊन सरळ माझ्या खोलीत शिरला आणि मागची झडप उघडझाप करून पाहू लागला. मग मला म्हणाला, "कुठच्या तुम्ही, सिस्टर?"

"राजुऱ्याची."

"राजुऱ्याच्या! अजी, आयकलं का इंदू, आपल्या खदानीकडच्या निंगाल्या ह्या!"

ते इतक्या मोठ्यानं ओरडले की मी दचकले. पुढे सवय झाली. भाऊंचा सगळा जन्म कोळशाच्या खदानीतल्या अजस्र पंख्याशेजारी गेला होता. त्या घरघरीच्या वर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. ते कानात सांगायचे तेही तलावाच्या पाळीवर ऐकू जायचं, म्हणून गावात त्यांना कोणी गुपित सांगत नसे.

खदानीत ते व्हेंटिलेशन ऑफिसर होते. जमिनीखाली उतरणाऱ्या माणसांना ताजी हवा पोचते की नाही, ते बघणं त्यांचं काम. त्याचा अभिमान त्यांना होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

"मोठे साहेब कोळसा मोजाचे. मी हवा मोजाचो. हवा नसती तं कोळसा कोनी काढला असता, सांगा?"

घरातही त्यांची भाषा खदानीतलीच होती. पुढचं दार म्हणजे हवा आत यायचा 'इनटेक', मागचं दार म्हणजे ती बाहेर जायचा 'रिटर्न'. पाहुणा मागच्या दारानं आला की म्हणायचे, "तुम्ही रिटर्नमधून काऊन घुसले?" आणि रंगात आले की त्यांचा आवडता सिद्धांत निघायचा. खदानीत उतरताना मे महिन्यात अंग कसं गार पडायचं आणि पौषात कशी ऊब लागायची, याचं वर्णन करून ते जमिनीवर टाच आपटायचे.

"जमिनीले उन्हाळ्याची खबर उशिरा लागते, सिस्टर. मे महिन्याची गरमी दोन पुरुष खाली जाईपर्यंत वर पानी पडून धानाचा रोवना बी होऊन जाते. म्हनून खाली ना उन्हाळा, ना हिवाळा. वर आपन भाजून राह्यलो, अन् पायाखाली थंडगार पडून आहे. वा रे आपली अक्कल!"

हे सगळं ऐकताना त्यांच्या पत्नी इंदिराबाई ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत असायच्या. बारीक अंगाची, तीक्ष्ण नाकाची बाई. गाव त्यांच्या माहेरचं. त्या कमी बोलायच्या, पण भाऊंच्या मोठ्या भाषणाला त्यांचं एक वाक्य पुरत असे. "खदानीतून घरी आले तं आले, पन पंखा बी पोटात घालून आनला यांनी," त्या म्हणायच्या.

त्यांचा आजार मला पहिल्या दोन-तीन महिन्यांत कळलाच नाही. थंडीचे दिवस होते. पाय किंचित ओढून चालायच्या, एवढंच. मला वाटलं, गुडघे असतील. एप्रिल लागला आणि मी पाहिलं, ऊन चढलं की ही बाई उतरत जाते. सकाळी अंगण झाडणारी, विहिरीवरून कळशी आणणारी बाई दुपारी भिंत धरून चालायची. मे महिन्यात तर भर दुपारी त्यांना चमचा तोंडापर्यंत नेता यायचा नाही. समोरचा माणूस दोन-दोन दिसायचा. जीभ जड व्हायची. आणि संध्याकाळी, जमीन निवली की, पाय परत यायचे. त्या स्वतः असंच म्हणायच्या, "आले बापा माझे पाय."

नसांचा आजार होता. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजत जातं आणि मेंदूचा निरोप वाटेत गळतो. अंग तापलं की गळती वाढते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना गारव्यात ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या माणसाला असं सांगायचं म्हणजे काय, ते त्या डॉक्टरांनाही समजत असणार.

भाऊंनी कूलर लावला होता. लाईन गेली की कूलर म्हणजे नुसती पेटी. आणि पहिल्या सरी पडून हवा दमट झाली की कूलरची हवा अंगाला चिकटायची. पुण्याच्या मुलानं एसी पाठवला होता. दुपारी गावात व्होल्टेज इतकं पडायचं की एसी नुसता कण्हायचा आणि थांबायचा. शेवटी एक दिवस धूर काढून तो कायमचा गप्प झाला. मग भाऊ घागरीत पंचे बुडवायचे, पिळायचे आणि बायकोच्या कपाळावर, गळ्यावर, पोटऱ्यांवर ठेवायचे. पंचा क्षणात कोमट व्हायचा. पुन्हा बुडवायचा. मी एकदा त्या वेळी आत गेले तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"शेकडो मानसाइले हवा देल्ली मी," ते पंचा पिळत म्हणाले. "अन् घरच्या एका बाईले देता नाई येऊन राह्यली."

त्या दिवाळीनंतर धान कापून झालं, गावातली माणसं रिकामी झाली, आणि भाऊंनी परसात खणायला घेतलं. माणूस आत उभा राहिला तर दिसू नये इतका खोल चर. आणि तोही सरळ नाही, नांगरलेल्या तासांसारखा जाऊन परत येणारा. गावात दोन गट पडले. एक म्हणे, इंदिराबाईच्या बापाचं गुप्तधन आहे. दुसरा म्हणे, भाऊचं डोकं गेलं. पोलीस पाटील चौकशीला आले. आमच्या नक्षलग्रस्त भागात कोणी जमिनीत भुयार खणतंय ही बातमी गंमतीची नसते.

"भाऊ, हे कायले खोदून राह्यले? वरून विचारनं आलं तं मी काय सांगू?"

"सांगा, बायकोले हवा पायजे."

"मंग खिडकी काढा ना भाऊ! इतकं खोल जाची काय गरज आहे?"

भाऊंनी त्यांना चराच्या काठावर बसवून तासभर समजावलं. पाटील शेवटी हो हो म्हणत उठले, ते बहुधा सुटका व्हावी म्हणून.

पण कल्पना साधी होती. कडुनिंबाच्या सावलीत जमिनीतून वर आलेलं एक पाइपाचं तोंड, साप-उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावलेलं. तिथून बाहेरची हवा आत ओढायची. ती हवा जमिनीच्या पोटातल्या पाइपांतून लांब फिरून यायची आणि येता येता आपली आग मातीला देऊन टाकायची. मग इंदिराबाईंच्या खोलीत भिंतीच्या तळाशी काढलेल्या झरोक्यातून निवून बाहेर पडायची. ओढायला एक छोटा पंखा, जो इन्व्हर्टरवरही चालायचा. आणि लाईन, इन्व्हर्टर दोन्ही गेलं तर? त्यासाठी भाऊंनी छपरावर पत्र्याचं उंच धुराडं उभं केलं आणि त्याला काळा रंग दिला. उन्हानं पत्रा तापला की आतली हवा वर पळायची, आणि तिच्या जागी खालून गार हवा खोलीत यायची.

"ऊन जितकं जास्त तितकी ओढ जास्त," भाऊ सांगायचे. "दुश्मनालेच कामाले लावलं मी."

पाइपांना त्यांनी थोडा उतार ठेवला होता. गरम हवा गार होताना पाणी सुटतं, ते एका खड्ड्यात जमावं आणि उपसता यावं म्हणून. प्रत्येक जोड त्यांनी स्वतः आत उतरून लिंपला. वर आले की माती लागलेला हा पोट सुटलेला माणूस इतका खुश दिसायचा की इंदिराबाई म्हणायच्या, "खदान सुटली नोती ना यांची. आता परसातच आनली."

पुढच्या मे महिन्यातली ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी आरोग्य केंद्रातून घरी येत होते, लूचा तापलेला वारा असा की दुपट्टा तोंडावर घेऊनही डोळे जळत होते. भाऊंनी कुंपणावरून हाक मारली. आत गेले. खोलीत अंधार होता आणि विहिरीच्या तोंडाशी वाकल्यावर लागतो तसला गारवा. इंदिराबाई खाटेवर बसल्या होत्या. भाऊ हातात थर्मामीटर घेऊन उभे, पण बघत होते बायकोकडे.

"कसं वाटून राह्यलं?"

"मातीचा वास येते," त्या म्हणाल्या. "नव्या मडक्यातल्या पान्यावानी."

"वास जाऊ दे. पायात कसं आहे?"

त्या उठल्या. खाटेचा कठडा सोडला. भिंत न धरता दारापर्यंत गेल्या, वळल्या, कोनाड्यातला तांब्या उचलला आणि पेल्यात ओतून मला पाणी दिलं. पेला हलला नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं.

थर्मामीटर माझ्या हातात देऊन भाऊ तडक परसात गेले, आणि मग आम्हाला त्यांचा आवाज आला. कोंबड्या पाइपाच्या तोंडाशी उकरत होत्या, त्यांना ते काहीच्या बाही शिव्या देत होते. बराच वेळ. इंदिराबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "रडून राह्यले असन. येतीन थोड्या वेळानं."

तो उन्हाळा त्या घरातला सणच होता. भाऊ रस्त्यावरच्या माणसाला धरून आणायचे, झरोक्यापुढे हात धरायला लावायचे. बिघाड झाले नाहीत असं नाही. पावसाळ्यात वैनगंगेचा फुगवटा परसापर्यंत आला आणि पाइपांत गाळ शिरला. झरोक्यातून बेडकांचं ओरडणं येऊ लागलं. "तुमची हवा डराव डराव करून राह्यली," म्हणत इंदिराबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. भाऊंनी सगळा हिवाळा दोरीला पोत्याचे बोळे बांधून ते या तोंडातून त्या तोंडात ओढण्यात घालवला. मग चुन्याची निवळी सोडली. कुबट वास जाईपर्यंत त्यांनी बायकोला त्या खोलीत झोपू दिलं नाही.

त्या शिवरात्रीला इंदिराबाई मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या. कित्येक वर्षांनी. गाडी लांब उभी करावी लागते, तिथून देवळापर्यंत त्या चालत गेल्या. मी सोबत होते. गर्दीत भाऊ त्यांच्या पुढे दोन्ही हात पसरून चालत होते आणि ओरडत होते, "सरका, सरका, हवा येऊ द्या!" लोकांना वाटलं कोणी अधिकारी आहे. लोक सरकले. इंदिराबाईंनी बांगड्या भरल्या, गरम भजी खाल्ली, नदीच्या वाळूत पाय रोवून उभ्या राहिल्या. परत येताना मला म्हणाल्या, "त्या खोलीत बरं वाटते, सिस्टर. नाई म्हनू नये मानसानं. पन तिथून आंगन दिसत नाई. कोन आलं, कोन गेलं, कायच दिसत नाई. यांनी मले जमिनीचा गारवा देल्ला, पन मले आपलं लोकाइत बसाले आवडे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच म्हणाल्या, "यांच्यापुढं नका बोलू."

दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावरून भांडण झालं. मेच्या मध्यावर भाऊंच्या लक्षात आलं, हवा आधीइतकी गार येत नाही. पाइपाभोवतीची माती सुकली होती आणि दिवसरात्र उष्णता पिऊन तापली होती. "जमीन थकली," ते म्हणाले. तिला विसावा मिळावा म्हणून ते पहाटे पंखा बंद ठेवू लागले आणि परसातल्या मोकळ्या मातीवर पाणी टाकू लागले. हातपंपावर बायका ताटकळत असायच्या. एकीनं सरळ कुंपणाशी येऊन विचारलं, "काऊन जी भाऊ, आमच्या घागरी सुक्या, अन् तुम्ही मातीले पानी पाजून राह्यले? तिथं तं एक रोपटं बी नाई!"

भाऊ नेहमीसारखे समजवायला लागले, मग तिच्या रिकाम्या घागरीकडे पाहून त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. ती बाई चुकीची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हातपंपाचं पाणी घेतलं नाही. मोरीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी बादलीत साठवून ते परसात नेऊ लागले. स्वतःची अंघोळही ते तिथेच, पाइपाच्या वर उभे राहून करू लागले.

त्याच सुमारास त्यांनी आमच्या आरोग्य केंद्राच्या बाळंतिणींच्या खोलीसाठी अशीच व्यवस्था करायचा ध्यास घेतला. त्या खोलीत उन्हाळ्यात नवी बाळं तापानं फणफणायची, त्यामुळे मीही मागे लागले. आमच्या तरुण डॉक्टरांनी वर कळवलं. एक दिवस बाहेरून आरोग्य खात्याच्या साहेबांची एक गाडी आली. भाऊंनी त्यांना इंदिराबाईंच्या खोलीत बसवलं आणि पाइप, उतार, धुराडं सगळं सांगायला सुरुवात केली. उन्हातून आलेले साहेब, गार खोली, पोटात जेवण. मोठे साहेब खुर्चीतच झोपले. बाकीचे पेंगले. भाऊ आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली आणून, बोलतच राहिले.

उठल्यावर साहेबांनी फार स्तुती केली. केंद्राच्या भिंतीलगत खुणेचा चुना पडला, थोडा चरही खणला गेला. मग साहेबांची बदली झाली, पाऊस आला, चर भरला. त्यात एकाची शेळी पडली, म्हणून गावानंच तो बुजवला. भाऊ रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. मला म्हणाले, "झोपले तवाच मले समजाले पायजे होतं. इतकी चांगली झोप देल्ली मी त्याइले!" ते हसले.

पौष आला. त्या वर्षी थंडी कडक होती. सकाळी नदीवर धुकं बसायचं ते उन्हं वर आली तरी हलायचं नाही. एका सकाळी भाऊ कुंपणावरून मला बोलवायला आले. हाक न मारता आले, तेव्हाच मी हातातलं काम टाकून निघाले.

इंदिराबाई खाटेवर होत्या, दोन गोधड्यांखाली. सकाळी उठायला गेल्या आणि पडल्या होत्या. लागलं फारसं नव्हतं. पण कमरेखाली काही हलत नव्हतं.

"सिस्टर, ताप पाहा बरं," भाऊ म्हणाले.

मी पाहिला. नव्हता.

"खोलीतलं पाहा. खोली गरम नाई ना झाली?"

"भाऊ, थंडी आहे. माझे हात गारठले."

"हो ना," ते म्हणाले. "थंडी आहे ना. मंग पाय काऊन नाई येऊन राह्यले?"

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू मी काही उपाय सांगितला की लगेच उठून तो करून टाकणार होते.

संध्याकाळ झाली, पाय आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. नागपूरला नेलं. तिथून परत आले त्या दिवशी भाऊ कुंपणाशी उभे राहून माझ्याशी बोलले, आणि मला त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"डॉक्टर म्हने, गरमीनं आजार होत नोता. गरमीत थो फक्त दिसे. आजार आतून आपला चालूच होता. थंडीत बी. खोलीत बी."

"पण खोलीमुळे बाई दोन उन्हाळे चालल्या ना, भाऊ."

"चालली." त्यांनी तुराटीचा एक तुकडा मोडला, मग त्याचे अजून तुकडे केले. "मंग मी कोनासंग लढून राह्यलो होतो, सिस्टर?"

त्यानंतर इंदिराबाईंची अंघोळ, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून चोळणं हे माझ्याकडे आणि भाऊंकडे आलं. एकदा भाऊ दुकानात गेलेले असताना इंदिराबाईंनी मला जवळ बोलावलं.

"मले समजलं होतं," त्या म्हणाल्या. जीभ आता थंडीतही जड यायची. "मागच्या उन्हाळ्यातच. खोली गार राहे, तरी हात सुटे. हे बाहेर गेले की दोन्ही हातानं कप धरून चहा प्यावं लागे."

"मग सांगितलं का नाही, बाई?"

"काय सांगू? मानूस मातीले पानी देत होता. आंगावरचं पानी देत होता." त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता त्याइले नका सांगू."

तो उन्हाळा भाऊंनी खोली पूर्वीपेक्षा गार ठेवली. जाळी रोज झाडायची, खड्ड्यातलं पाणी उपसायचं, माती भिजवायची. सगळं तसंच, फक्त कोणाला दाखवायला बोलावलं नाही. इंदिराबाईंना अंगण दिसावं म्हणून त्यांनी उत्तरेच्या भिंतीत खिडकी पाडायचा विचार केला होता. खिडकीतून गरम हवा येईल, म्हणून काच आणायची होती. काच गडचिरोलीहून येईपर्यंत इंदिराबाईंना गिळता येईनासं झालं.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं. न्यूमोनिया झाला होता. मी सुटी घेऊन भेटायला गेले. वॉर्ड भरलेला, पंखे फिरत होते पण उकाडा मावत नव्हता. इंदिराबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आणि भाऊ गळ्यातल्या दुपट्ट्याचा एक धागा ओढून काढून वॉर्डभर फिरत होते. दाराशी धरायचे, खिडकीशी धरायचे, दोन खाटांच्या मधे उंच धरायचे. नातेवाईक त्यांच्याकडे बघत होते. कोणी बाजूला सरकून त्यांना वाट देत होतं.

"इथी हवा हलतच नाई, सिस्टर," ते मला म्हणाले. "हे पाहा. धागा सरळच्या सरळ. ह्या खिडकीले समोर खिडकीच नाई ठेवली. आता इतक्या लोकाइनं श्वास कसा घ्यावं?"

"भाऊ, बाईंना ऑक्सिजन आहे."

"तो ठीक आहे. पन हवा नाई ना!"

खाटेवरून इंदिराबाईंनी मास्क थोडा बाजूला करायचा प्रयत्न केला. मी जवळ गेले. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. भाऊंकडे बघून त्या म्हणाल्या, "बसा."

भाऊ धागा धरून उभेच.

"बसा ना जी आता."

मग ते स्टुलावर बसले. त्यांनी चादर सारून बायकोचे पाय मांडीवर घेतले आणि घोट्यांवरून अंगठा फिरवत राहिले, जसं आम्ही रोज करायचो. मी निघाले तेव्हाही ते तसेच बसले होते. त्याच आठवड्यात इंदिराबाई गेल्या.

मुलानं पुण्याला न्यायचा फार आग्रह केला. भाऊ गेले नाहीत. कारणही दिलं नाही. लोकांच्या घरी जाणं त्यांनी सोडलं. कोणी चहाला बोलावलं तर ओट्यावरूनच हात हलवायचे. आवाज पुन्हा मोठा झाला नाही. गावातल्या बायका, हातपंपावर भांडलेली तीसुद्धा, आळीपाळीनं भाजी-भाकर आणून द्यायच्या आणि जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या.

पुढच्या मे महिन्यात माझी सिरोंच्याकडे बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. दुपारच्या बसनं निघायचं होतं, म्हणून भाऊंचा निरोप घ्यायला गेले. लू चालली होती. भाऊ बाहेरच्या पडवीत, पत्र्याखाली, उघड्या अंगानं खाटेवर बसले होते. घाम हनुवटीवरून गळत होता. मागे इंदिराबाईंच्या खोलीतला पंखा चालू असल्याचा बारीक आवाज येत होता.

"भाऊ, इथे काऊन बसले? आत बसा ना. जीव जाईल या गरमीत."

"आत थंडी वाजते, सिस्टर."

मग खाटेवरून सरकून त्यांनी दाराकडे हात केला. "तुम्ही बसा जरा आत. दूर जाचं आहे."

त्यांचं मन राखायला मी आत गेले. खाट भिंतीला लावलेली, गोधड्या घडी करून उशाशी. जमीन नुकतीच सारवलेली. झरोक्यातून हवा येत होती, संथ, गार, न थांबता. घामेजलेल्या पाठीवर तिचा स्पर्श झाला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

बाहेरून त्यांनी विचारलं, "येते ना?"

"येते, भाऊ. मस्त येते."

"हं."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो तापलेल्या विटेसारखा लागला. रस्त्यावर येऊन बसची वाट बघत समोरच्या झाडाखाली उभी राहिले तेव्हा मागे वळून पाहिलं. माझ्या हातून खोलीचं दार किलकिलं राहिलं होतं. भाऊ उठले. त्यांनी दार ओढून घेतलं, खालच्या फटीत पोत्याची घडी दाबून नीट बसवली, आणि दोन्ही बाजूंनी तळहात फिरवून कुठून गारवा बाहेर जात नाही ना ते पाहिलं. मग परत येऊन तोंड लूकडे करून खाटेवर बसले.